इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, आणि कुठल्या घड्याळावर विश्वास ठेवायचा?

रामबागकर (धागाकर्ता)

मंडळी, गेले चार दिवस घरात दोन पार्ट्या पडल्यात, म्हणून हा धागा काढतोय.

आई (वय ७१) पुढच्या महिन्यात धाकट्याकडे फ्रीमाँटला (सॅन फ्रान्सिस्कोजवळ) निघाली आहे. एकटी, आणि पहिल्यांदाच. धाकट्यानं तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दिल्लीहून सुटणार पहाटे ३:००, सॅन फ्रान्सिस्कोला उतरणार सकाळी ६:३०. तारीख तीच, मंगळवार. काकांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाईल नाकापाशी नेला आणि जाहीर केलं, "साडेतीन तास! आणि आपण पुण्याला जायला रात्रभर बसमध्ये कंबर मोडून घेतो."

हसू नका. काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत, उभं आयुष्य रस्ते मोजण्यात गेलंय. त्यांना आकडा जुळल्याशिवाय झोप येत नाही. मी नेटवर शोधायला बसलो तर गोंधळ आणखी वाढला. एका ठिकाणी इंदूर-सॅन फ्रान्सिस्को अंतर १३,०४०, दुसरीकडे ८,१००, तिसरीकडे ७,०४०. वेळ एकीकडे १५ तास, दुसरीकडे १६ तास ४८ मिनिटं. ४८ मिनिटं! इतकं नेमकं कुणी काढलं?

शिवाय काकांचा मूळ आक्षेप वेगळाच आहे. अमेरिका पश्चिमेला, तर धाकटा "विमान पूर्वेकडून जातं" असं का सांगतो?

जाणकारांनी मार्ग दाखवावा. आईला काय काय लागेल तेही सांगा.

शेवपरमल

साडेतीन तासांत पोचत असेल तर माझीपण दोन तिकिटं काढा भिया. सकाळी पोहे खाऊन निघू, रात्री सराफ्यात खायला परत.

बे_एरिया_बाळ्या

रामबागकर, काकांना सांगा, तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा. (मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी इकडे घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे.) म्हणजे दिल्लीत मंगळवार पहाटेचे ३ वाजतात तेव्हा इथे सोमवार दुपारचे अडीच वाजलेले असतात. त्यात विमानाचे १६ तास मिळवा. मंगळवार सकाळचे साडेसहा. हिशोब चुकता.

येतानाचं तिकीट मात्र काकांना दाखवू नका. इथून सकाळी साडेदहाला सुटलेलं विमान दिल्लीला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला उतरलं, तर कागदावर २९ तास दिसतात आणि प्रत्यक्षात असतात साडेसोळा. माझ्या सासऱ्यांनी ते बघून "मधे कुठे मुक्काम आहे का?" म्हणून विचारलं होतं.

माझी स्वतःची युक्ती म्हणजे मनगटावरचं घड्याळ घरी पोचेपर्यंत इंदूरच्याच वेळेवर ठेवायचं. मग शरीराला काय वाटतंय ते तरी कळतं.

गणित_मास्तर

आधी आकड्यांचं. तिन्ही आकडे बरोबर आहेत. १३,०४० किलोमीटर म्हणजेच सुमारे ८,१०० मैल, आणि तेच ७,०४० सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किमीचा. विमानवाले आणि जहाजवाले तोच वापरतात, कारण पृथ्वीच्या पोटावरचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. तुमच्या साइटींनी एकक बारीक अक्षरात लिहिलं असणार.

आता ते ४८ मिनिटांचं गुपित. १३,०४० ला ८०० ने भागा, १६.३ येतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, १६.८ तास, म्हणजे १६ तास ४८ मिनिटं. दुसऱ्या साइटनं ९०० ने भागलंय, आले १५. एवढंच. ना त्यांनी वारा पाहिलाय, ना इंदूरहून असं थेट विमान आहे की नाही ते पाहिलंय. पाचवीतलं वेग-वेळ-अंतराचं गणित सुटाबुटात उभं केलंय. हीच साइट इंदूर-दिल्लीला (६६० किमी) सव्वा तास दाखवेल आणि तुमच्या तिकिटावर दीड तास असेल, कारण कंपनी दारापासून दारापर्यंतचा वेळ धरते. रनवेपर्यंत रांगणं, दिल्लीवर घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं.

आणि १३,०४० हे अंतर सपाट नकाशावरून मोजलेलं नाही, गोलावरचं सगळ्यात जवळचं आहे. ते कसं येतं हे लिहून समजत नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक इंदूरवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणा. दोरा आपोआप जिथून जाईल तो खरा सरळ रस्ता.

रामबागकर

मास्तर, प्रयोग केला. वृत्तांत देतो.

माळ्यावरून धाकट्याचा शाळेतला गोल निघाला. आठ इंची, प्लॅस्टिकचा, त्यावर अजून सोव्हिएत युनियन गुलाबी रंगात आहे. दोरा म्हणून आईनं फुलपुडीचा दोरा दिला, तो तुटला. सुतळी जाड, सरकते. शेवटी काका देवघराच्या खणातून श्रावणीसाठी आणून ठेवलेल्या जोडीतलं एक जानवं घेऊन आले आणि त्याचा पदर सोडवायला बसले. आई म्हणाली, "अहो, काय करताय!" काका म्हणाले, "धागाच आहे. धाग्यासाठी धागा." (त्यांना या धाग्याबद्दल मी सांगितलं होतं, त्यावर हा विनोद.)

एक टोक मी इंदूरवर बोटानं दाबलं, दुसरं काकांनी ताणलं. आम्हाला वाटलं होतं दोरा चीन-जपानवरून पॅसिफिकमध्ये जाईल. पण ताणला तसा तो वर वरच सरकत गेला. दिल्लीवरून हिमालय, तिबेट, ते गुलाबी सोव्हिएत युनियन उभं चिरून थेट वरच्या पांढऱ्या भागात, आणि तिथून अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात. म्हणजे इंदूरहून निघताना तोंड ना पूर्वेला ना पश्चिमेला, जवळजवळ उत्तरेला! काकांनी तीनदा मोजलं. साडेवीस सेंटीमीटर. गोलाचा घेर ६३ भरला. चाळीस हजाराला ६३ नं भागून साडेविसानं गुणलं, तर तेरा हजार नि थोडे. काका पाच मिनिटं बोलले नाहीत.

मग म्हणाले, "दिल्ली वाटेतच आहे रे. मुंबई लाव बघू." (मी मुंबईमार्गे स्वस्त तिकीट आहे असं म्हणालो होतो.)

गणित_मास्तर

काकांना माझा साष्टांग. दिल्ली खरोखर वाटेत आहे. इंदूर-दिल्ली ६६० आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०, बेरीज तेवढीच भरते, १३,०४०. मुंबईमार्गे आधी ५०० किमी उलट दिशेनं जायचं, मग तिथून १३,५०० च्या आसपास. एकूण हजारेक किमीचा फेरा.

नर्मदाकाठ

आमच्याकडे सगळे दुबईमार्गे जातात. २०१९ च्या जुलैत इंदूरहून दुबईला पहिलं थेट विमान सुरू झालं तेव्हा तर वाटलं, आता अमेरिका निम्मी जवळ आली. दुबईपर्यंत गेलं की पुढचा पल्ला कमी होतो ना?

गणित_मास्तर

नर्मदाकाठ, इथेच गंमत आहे. गोल असेल तर लावूनच बघा. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर १३ हजाराच्या थोडं वर, म्हणजे जवळपास तेवढंच जेवढं इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को. तुम्ही इंदूरहून २,१०० किमी पश्चिमेला जाऊन बसलात आणि अमेरिका बोटभरही जवळ आली नाही. न्यूयॉर्कला जायचं असतं तर दुबईचा फेरा बराच कमी पडला असता. कॅलिफोर्नियासाठी तो निव्वळ वळसा. तरी लोक जातात, कारण वेळा सोयीच्या मिळतात, भाडं कमी असतं. त्यात वावगं नाही. फक्त "जवळ पडतं" म्हणू नका.

कर्कवृत्त

काकांच्या "अमेरिका पश्चिमेला" वर थोडं अवांतर. आपल्या जुन्या ज्योतिषांनी शून्य रेखांश उज्जैनचा धरला होता, तिथून पुढे-मागे किती ते देशांतर. इंदूर त्याच रेघेवर आहे म्हटलं तरी चालेल, दोघांच्या रेखांशात नखाएवढा फरक. तर महाकाळाच्या पायरीवर उभं राहून पूर्वेकडे मोजत गेलात तर सॅन फ्रान्सिस्को १६२ अंशांवर येतं, आणि पश्चिमेकडे मोजलंत तर १९८ वर. म्हणजे अमेरिकेचा तो किनारा आपल्याला पूर्वेकडूनच जवळ. आपण "पश्चिमेला" म्हणतो ते युरोपवरून जाणाऱ्या जुन्या आगबोटींच्या सवयीनं.

उंटावरचा_शहाणा

एवढं डोकं कशाला खाता? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान वर गेलं की खालची जमीन सरकते. म्हणून एका बाजूनं लवकर पोचतं, दुसऱ्या बाजूनं उशिरा. साधं विज्ञान आहे.

गणित_मास्तर

शहाणे, इंदूरची जमीन ताशी सुमारे १,५४० किमीनं पूर्वेकडे पळते. तुमचं खरं असेल तर राजवाड्यावर हेलिकॉप्टर दीड तास नुसतं अधांतरी उभं करा, खाली दुबई येईल, तिकिटाचे पैसे वाचतील. हवा पृथ्वीबरोबरच फिरते हो. चालत्या रेल्वेत चहाचा कप वर उडवला तर मागच्या डब्यात जाऊन पडतो का?

शेवपरमल

पॉपकॉर्न नाही, शेव घेऊन बसलोय. चालू द्या.

ताशी_नऊशे

मी तीस वर्षं विमानांचे मार्ग आखायचं काम केलं (फ्लाइट डिस्पॅच म्हणतात). आता निवृत्त. राहवलं नाही म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

शहाणे यांचा निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, कारण चुकीचं. एका बाजूनं लवकर पोचतं ते वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात ताशी २०० किमीच्या वरही जातात. विमान हवेत ताशी ९०० नं चालतं, पण हवाच ताशी १५० नं त्याच दिशेला पळत असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग १,०५० होतो. नर्मदेत धारेबरोबर नाव सोडल्यासारखं. समोरून आला तर उरले ७५०.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण नेमकं तुमच्याच मार्गावरचं आहे. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं, तेव्हा ते युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडून जायचं. सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे १५,३००. चौदाशे किमी जास्त, आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. वारा पाठीशी होता. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी १,०५५ पडते. त्या वेळी तो जगातला सगळ्यात लांब पल्ल्याचा थेट प्रवास ठरला होता. आमच्या खोलीत त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, "लांबचा रस्ता जवळ पडला." काकांच्या पीडब्ल्यूडीत असं होत नसणार.

आता जानव्याच्या रेषेवरून विमान का जात नाही ते सांगतो. मी असतो तरी तिथून नेलं नसतं.

पहिलं कारण तिबेट. विमानात हवेचा दाब गेला तर वैमानिकाला भराभर खाली यावं लागतं, दहा हजार फुटांच्या आसपास, जिथे माणूस साध्या हवेत श्वास घेऊ शकतो. प्रवाशांच्या तोंडावर जे मुखवटे पडतात त्यातला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तिबेटचं पठारच चौदा-पंधरा हजार फुटांवर. खाली येणार कुठे? म्हणून त्याला वळसा घालायचा.

दुसरं, हद्दी. २०१९ मध्ये २७ फेब्रुवारी ते १६ जुलै पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी भारतीय विमानांना ती पुन्हा बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला पश्चिमेकडून जाणारी विमानं आधी खाली अरबी समुद्राकडे उतरून मग वर जायला लागली, काहींना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावं लागलं. २०२२ पासून अमेरिकेच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही. एकाच दिवशी एकाच गावाहून एकाच गावाला निघालेली दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी का जातात, त्याचं हे कारण.

तिसरं म्हणजे अडीअडचणीला उतरायची जागा. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ पूर्ण वाटेवर हाताशी लागतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियात मगादानला उतरवलं. गैरसोय फार झाली, लोक शाळेतसुद्धा झोपले, पण उतरायला मगादान होतं हे महत्त्वाचं. ते आधीच कागदावर लिहिलेलं असतं.

म्हणून मार्ग रोज नवा आखतात. सुटायच्या काही तास आधी वाऱ्याचा अंदाज येतो, त्यावर. आज जपानवरून, उद्या आणखी वरून. तुमच्या आईंचे १६ तास पंधराही होतील, सोळा-चाळीसही.

उंटावरचा_शहाणा

बरं, वारा तर वारा. माझं अर्धं बरोबर होतं हे नोंदवून घ्या.

नर्मदाकाठ

ताशी_नऊशे काका, मग सगळ्यात लांब किती जाऊ शकतं विमान?

ताशी_नऊशे

रोजच्या प्रवासी विमानांत सिंगापूर-न्यूयॉर्क, गोलावरच्या सरळ रेषेनं १५,३०० किमीच्या वर, अठरा तासांहून जास्त. पण नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंगनं ७७७-२०० एलआर हे विमान हाँगकाँगहून लंडनला मुद्दाम उलट बाजूनं, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून नेलं होतं. २१,६०२ किमी, २२ तास ४२ मिनिटं, मधे कुठेही न थांबता. त्या विमानाच्या टाक्यांत एक लाख ऐंशी हजार लिटरच्या वर इंधन मावतं. आमच्या धंद्यातली गंमत अशी की जितकं लांब जायचं तितकं इंधन जास्त, आणि ते इंधन उचलून न्यायलाच आणखी इंधन. पहिल्या पाच-सहा तासांत विमान बरंचसं इंधनच वाहत असतं.

बे_एरिया_बाळ्या

एकदा डिसेंबरात मी फार वरून गेलो होतो. खिडकीची झडप उघडली तर क्षितिजावर नारिंगी पट्टा. वाटलं सूर्य उगवतोय. दोन तासांनी पाहिलं, पट्टा तसाच. ना उजाडलं, ना मावळलं. शेजारची आजी म्हणाली, "संध्या कुठल्या वेळेची करायची हो इथे?"

सुदामानगरी

भूगोल झाला असेल तर आता पिशव्यांकडे वळू या का? मी सासूबाईंना घेऊन तीनदा गेले आहे.

रामबागकर, आधी एक सांगा, इंदूर-दिल्ली आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को एकाच तिकिटावर आहे की वेगळं काढलंय? आम्ही पहिल्या वेळी हुशारी करून वेगळं काढलं. परदेशच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा, आणि आतल्या तिकिटावर १५ किलो. इंदूरच्या काउंटरवरच्या मुलानं शांतपणे वजनकाट्याकडे बोट दाखवलं. बिजासन टेकरीवर नारळ फोडून आलो होतो, पण वजन कमी झालं नाही. रांगेत बॅग उघडून गोडा मसाल्याचा डबा, दोन किलो शेव आणि सासूबाईंचा पाटा-वरवंटा (हो, छोटा) दिराच्या हाती परत पाठवला, वर पैसे भरले ते वेगळेच. विमान चुकलं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही, हाही एक धाक. एकच तिकीट असेल तर बॅग इंदूरला टाकायची ती थेट तिथेच. अमेरिकेत ज्या पहिल्या गावी उतराल तिथे ती ताब्यात घेऊन कस्टममधून काढावी लागते, म्हणून मधे दुसरं अमेरिकन गाव नसलेलं बरं.

जेवण. "हिंदू मील" निवडू नका! नाव ऐकून आपण शाकाहारी समजतो, पण त्यात कोंबडी-मटण असू शकतं, फक्त गोमांस नसतं. आपल्यासाठी "एशियन व्हेजिटेरियन" किंवा "इंडियन व्हेजिटेरियन" असं लिहिलेलं असतं ते. सासूबाईंना पहिल्या वेळी काय वाढून आलं ते मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

व्हीलचेअर आधीच मागून ठेवा. आईंना चालता येत असलं तरी. दिल्लीचं टर्मिनल लांबलचक आहे, आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत सोबत असतो, एकट्या बाईला तो आधार फार वाटतो. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर घड्याळ बदलल्यावर कधी घ्यायचं ते इथल्याच डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या. दर दोन तासांनी उठून पॅसेजमधून एक फेरी, पायाला घट्ट मोजे. खायचं जे काही नेताय ते कस्टमच्या प्रश्नाला "आहे" म्हणून सांगून टाकायचं. ताजी फळं, मांसाचं काही नको. लोणचं-मेतकूट आमचं तिन्ही वेळा गेलं.

आणि दुबईमार्गे जाणाऱ्यांनो, खसखस अजिबात नको. तिकडे ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. दिवाळीचे अनारसे नेताना आधी हे आठवा.

रामबागकर

ताई, एकच तिकीट आहे, सुटलो. जेवणाचा पर्याय धाकट्यानं नेमका "हिंदू" टाकला होता! आत्ता फोन करून बदलायला लावला.

पण आता नवीन पेच. आईनं कॅलेंडर पाहिलं. ज्या मंगळवारी विमान आहे त्या दिवशी संकष्टी आहे. मंगळवार, म्हणजे अंगारकी, सोडायचा प्रश्नच नाही. चंद्रोदय कुठला धरायचा? दिल्लीतला धरला तर ती तेव्हा आधीच अमेरिकेत. विमानात असताना चंद्र दिसला तर? काका म्हणतात, तारीख-रेषेवर उपास आपोआप सुटतो. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, ते गप्प बसले.

कर्कवृत्त

ज्या गावी असाल त्या गावचा चंद्रोदय, आमच्या घरी तरी हीच रीत आहे. पुण्याचा आणि इंदूरचासुद्धा वेगळा असतोच ना. सॅन फ्रान्सिस्कोचा बघून घ्या.

बे_एरिया_बाळ्या

फळांचं ताट मागता येतं, "फ्रूट प्लॅटर" म्हणून. निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं. अंगारकी आहे, कळवाच.

सुदामानगरी

आणि पिशवीत राजगिऱ्याचे लाडू.

रामबागकर (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. आई पोचली.

काकांनी वहीत सगळं टिपलंय, ते तसंच देतो. सोमवार संध्याकाळी ६:३० ला रामबाग सोडलं. ८:५० चं विमान वेळेवर. दिल्ली १०:२०. तिथे तिनं घरून नेलेलं थालीपीठ खाल्लं. विमान ३:०० ऐवजी ३:२० ला हललं, पण उतरलं ६:२५ ला, म्हणजे १५ तास ३५ मिनिटं (वारा पाठीशी, काकांची टीप). बाहेर यायला दीड तास. फ्रीमाँटच्या घरात पाऊल सकाळी ९:०० ला, इथे रात्रीचे ९:३०. दारापासून दारापर्यंत २७ तास. खाली काकांनी दोन रेघा मारून लिहिलंय : "उड्डाणाचे तास आणि प्रवासाचे तास वेगळे धरावेत."

विमान खालून गेलं की वरून, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, समोरच्या पडद्यावर जपान दिसलं, मग निळंच निळं, मग डोळा लागला. व्हीलचेअरवाल्या मुलीनं तिला "आंटी" म्हटलं आणि फॉर्म भरून दिला. लाडू शेजारच्या पंजाबी बाईंनाही दिले.

चंद्राचं मात्र सांगायला हवं. तिथे तो रात्री साडेदहाला उगवला. म्हणजे विमान सुटल्यापासून साडेएकतीस तासांच्या वर उपास. सून म्हणत होती, आई, आता खाऊन घ्या, इंदूरला बुधवारचे अकरा वाजलेत, सगळ्यांनी कालच सोडला. आई मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसून राहिली. चंद्र दिसल्यावर तिनं फोन केला. इथे आम्ही पोहे खात होतो. काकांनी फोन हिसकावून विचारलं, "वहिनी, कुठल्या दिशेला उगवला?"

"पूर्वेला," ती म्हणाली. "तुमच्याच बाजूनं आला."